अण्णांच्या डोक्याची चेकशीट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगताना माझं डोकं अजून तापतं. दोन महिने होऊन गेले, तरी तापतं. ज्याच्यावर तापायचं तो माणूस दुसरा कुणी असता, तर त्याला चार शब्द सुनावून कधीच मोकळा झालो असतो. पण तशी सोय नाही ना!

सत्तावीस वर्षं मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीत काढली. रिटायर झालो आणि मोशीत घरी बसून बायकोच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावायला लागलो. आठवडाभर तिनं सोसलं. मग म्हणाली, "कुठेतरी जाऊन ओरडा, पण इथे नको."

म्हणून लागलो एका स्टार्टअपमध्ये. भोसरीच्या अलीकडे औषधं, जंतू, रक्त, पेशी असल्या गोष्टींवर काम करणाऱ्या नव्या कंपन्यांसाठी बांधलेली एक इमारत आहे. एकाच मजल्यावर कुणी जंतू वाढवतं, कुणी रक्ततपासणीचं यंत्र बनवतं, आणि चौथ्या मजल्याच्या टोकाला आम्ही, मेंदूवाले. केतकी मालकीण, सुशांत सॉफ्टवेअरवाला आणि मी क्वालिटी. त्या दोघांचं वय मिळून माझ्याएवढं होतं.

आमचं यंत्र काय करतं? अर्धांगवायूनं ज्याचा हात गेला त्याच्या डोक्यावर एक टोपी घालायची. टोपीला आतून सेन्सर. माणसानं मनात आणलं की मूठ मिटायची, तर मेंदूतला तो सिग्नल टोपी पकडते आणि हातात चढवलेला मोजा बोटं मिटवतो. फक्त सेन्सर टाळूला नीट भिडले पाहिजेत. डोकं धुतलेलं हवं, तेलाचा थेंब नको. मी बावीस ओळींची चेकशीट बनवली होती आणि पहिलीच ओळ होती, 'केसांना तेल नाही, हात लावून तपासले.'

आता अण्णा. माझे थोरले चुलत भाऊ. दीड वर्षापूर्वी त्यांचा उजवा हात गेला. माणूस डाव्या हातानं भाकरी मोडायला शिकला, पण चारचौघांत जेवायला बसणं त्यानं सोडलं. पुतणीच्या लग्नातसुद्धा पंगतीला बसले नाहीत, गाडीत बसून राहिले. मलाच ताट घेऊन तिथे जावं लागलं. तेव्हापासून ते माझ्या डोक्यात होतं.

आणि त्या दिवशी एका मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई यंत्र बघायला येणार होत्या. त्या हो म्हणाल्या तर यंत्र पेशंटांसाठी सुरू होणार, आणि पहिला नंबर अण्णांचा. नाही म्हणाल्या तर पुन्हा वर्षभर आम्हाला दारात कोण उभं करतंय?

अकराला बाई येणार, साडेदहाला अण्णा आले. पांढराशुभ्र सदरा, दाढी केलेली. मी टोपी चढवली, मोजा चढवला, सुशांतनं यंत्र सुरू केलं. पडद्यावरच्या सगळ्या रेघा थरथरायला लागल्या. अण्णा मनात मूठ मिटत होते आणि मोजा ढिम्म.

"काका, केस बघितले ना?" सुशांतनं विचारलं.

"चेकशीट बघ. पहिल्याच ओळीत माझी सही आहे."

"हो, पण एकदा हात लावून…"

"सही म्हणजे काय असतं कळतं का तुला? तुमच्या पिढीला सहीची किंमतच नाही."

पोरगं वायरी तपासायला लागलं. मी पांढऱ्या फळ्यावर माशाच्या काट्याची ती आकृती काढली, जिच्यात दोषाची कारणं एकेका काट्यावर लिहितात. माणूस, यंत्र, माल, परिसर. सही आहे म्हणजे माणसात दोष नाही. तो काटा मी खोडलाच. यंत्र आणि माल मी कालच तपासले होते. राहिला परिसर.

तेवढ्यात अण्णा म्हणाले, "आरं सुभाष, मला एक सांगायचंय."

"अण्णा, बोलू नका. जबडा हलला की सिग्नल बिघडतो."

मी निघालो शेजारी. तिथे कल्याणी मॅडम जंतू वाढवतात. त्यांच्या काचेच्या कुप्या एका यंत्रावर दिवसरात्र डुलत असतात. मी म्हटलं, हे बंद करा, याची थरथर आमच्या सिग्नलमध्ये येतेय.

"काका, तुमचं मशीन रोज चालतं की. आणि हे थांबलं तर माझा प्रयोग बिघडेल. सहा दिवस झालेत."

"तुमचे जंतू थोडा वेळ स्वस्थ बसले तर काय आभाळ कोसळणार आहे? आमच्याकडे माणूस बसलाय, माणूस."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि बटण बंद केलं. रेघा तशाच.

आता मात्र माझं टाळकं सटकलं. इमारतीच्या मॅनेजरला गाठलं. तुमच्या वायरिंगचं अर्थिंग कुणी बघितलंय का कधी? एसी बंद करा. तो म्हणाला, मे महिना आहे साहेब. मी म्हटलं, मे महिना चाकणला पण असतो. एसी बंद. रेघा तशाच. मग लिफ्टची मोटर. लिफ्ट बंद. मजल्यावरच्या सगळ्यांचे मोबाइल मी एका खोक्यात गोळा केले. लोक घामानं निथळत कॉरिडॉरमध्ये उभे, आणि मी खोकं घेऊन त्यांना शिस्त म्हणजे काय ते समजावतोय. रेघा तशाच!

परत आलो तर अण्णांनी डावा हात वर केलेला. शाळेत पोरं करतात तसा.

"अण्णा, हलू नका म्हटलं ना."

त्यांनी हात खाली घेतला.

सव्वाअकराला डॉक्टरीणबाई आल्या. चार मजले चढून. साठीच्या बाई, एका हातात पर्स आणि दुसऱ्यानं भिंत धरलेली. आल्या आल्या खुर्चीत बसल्या आणि विचारलं, "लिफ्ट कुणी बंद केली?" मी छाती काढून सांगितलं, मी केली, आणि का केली तेही सांगितलं. बाईंनी पाणी पिऊन घेतलं. मग चेकशीट मागितली.

वाचता वाचता त्या उठल्या, अण्णांची टोपी कडेनं थोडी उचलली, दोन बोटं डोक्यावर फिरवली आणि बोटांकडे बघितलं. पर्समधून रुमाल काढून पुसली.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"वेळ नऊ वाजून दहा मिनिटं लिहिली आहे. पेशंट किती वाजता आले?"

केतकी हळूच म्हणाली, "साडेदहाला."

कागद तयार दिसावेत म्हणून सकाळी आल्या आल्या मी बावीसच्या बावीस ओळींवर खुणा करून ठेवल्या होत्या. अण्णा घरचेच, त्यात काय बघायचं! टोपी चढवताना माझ्या हातात रबरी मोजे, अण्णांचे केस बारीक आणि पांढरे, आणि कारखान्यात यंत्रांवर ओतायच्या कूलंटच्या वासानं माझं नाक कधीच मेलंय. याच गुन्ह्यासाठी, आदल्या दिवशी चेकशीट भरली म्हणून, मी चाकणला एका ऑपरेटरला अख्ख्या शिफ्टसमोर उभं करून झापलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी थांबलो नव्हतो. त्या क्षणी मला तोच माणूस आठवावा? स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटली.

"मी दोनदा सांगाया बघितलं," अण्णा म्हणाले. "ह्यो बोलूच देईना."

"काय सांगायचं होतं?" बाईंनी विचारलं.

"टोपीचं माप द्याया आलो तवा ह्यानं तेल लावू नगा म्हनून सांगितलं व्हतं. पर काल ह्याचाच फोन आला, मोठ्या डॉक्टरीणबाई येनार हायत, जरा नीटनेटकं या. मग आमच्या मंडळीनं सकाळी वाटीभर तेल जिरवलं डोक्यात. टोपी घातल्यावर माझ्या ध्यानात आलं, आरं, हे न्हाई चालायचं."

बाई आता उठून जाणार, असं मी धरूनच चाललो होतो. त्या म्हणाल्या, "मी थांबते. चार मजले उतरायचा दम आत्ता माझ्यात नाही."

शाम्पू कुठून आणायचा? कल्याणी मॅडमनी भांडी धुवायचं लिक्विड आणून माझ्या हातात दिलं. त्यांचा सहा दिवसांचा प्रयोग गेला होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बेसिनवर वाकलेल्या थोरल्या भावाचं डोकं मी दोनदा धुतलं, सदऱ्याची कॉलर भिजवली, आणि अख्खा मजला दारात उभा राहून बघत होता. मोबाइल मिळाले नव्हते ना कुणाचे, करणार काय बिचारे?

डोकं पुसलं. टोपी चढवली. रेघा सरळ झाल्या. बाईंनी स्पंजचा चेंडू अण्णांच्या उजव्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "मनात धरा." मोज्याची बोटं सावकाश मिटली आणि चेंडू आत दबला. अण्णा स्वतःच्या मुठीकडे बघत राहिले. दीड वर्षानं. मग अण्णा म्हणाले, "सुभाष, लिफ्ट चालू कर आता."

बाईंनी यंत्राला होकार दिला, पण एक अट घातली. चेकशीटवर माझ्या सहीखाली दुसऱ्या माणसाची सही हवी. माणूसही त्यांनीच निवडला आणि तो तिथेच खुर्चीत ओल्या डोक्यानं बसला होता.

आता आठवड्यातून तीन दिवस अण्णा येतात. आधी स्वतःचा व्यायाम करतात, मग बाकीच्या पेशंटांच्या डोक्यावरून डावा हात फिरवून, त्याच हातानं वाकडीतिकडी सही ठोकतात. माझी सही बघून करत नाहीत. मला म्हणतात, "हो बाजूला, मला बघू दे." सत्तावीस वर्षं क्वालिटीत काढलेला माणूस मी, राव, होतो बाजूला.

परवा एका पेशंटचं डोकं तपासून झालं, सही झाली. पेन खाली ठेवता ठेवता अण्णांनी माझ्याकडे बघितलं, आणि सुशांतला अगदी काळजीनं विचारलं, "ह्याचं डोकं कोन तपासतंय?"