ओढ्यापलीकडची शाळा आणि हेडसरांच्या सूचना

किस्से काही कुणी गोळा करायला जात नाही. वाळल्या गवतातून चालत गेलं की धोतराला कुसळं चिकटतात, तसे ते चिकटतात. घरी येऊन बसल्यावर कळतं, की अरे, केवढी झाली ही! मी तर शाळेत शिपाई होतो. शाळेच्या शिपायाचं धोतर म्हणजे नुसती कुसळंच.

परवा नातीच्या मोबाइलवर शाळेच्या सूचना आल्या. निम्मी पोरं शाळेत, निम्मी घरी, अशी शाळा. सूनबाई मोठ्यानं वाचत होती. "पालकांनी तासाच्या वेळी मध्ये बोलू नये. घरात शांतता ठेवावी. शंका असल्यास हात वर करावा." मी हसायला लागलो तर सूनबाई म्हणाली, "मामंजी, ह्यात हसण्यासारखं काय हाय?"

आता तिला काय सांगू? असली शाळा आमच्या वाडीवर होऊन गेली होती. नामांतराच्या चळवळीचे दिवस होते तेव्हा. मोबाइल नव्हता, वाडीवर धड वीजसुद्धा नव्हती. सूचना मात्र अशाच्या अशा होत्या!

*

बोरीच्या बाजूला आमचं गाव. शाळा गावात, सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर बोरीला जायचं. आमची वाडी ओढ्याच्या अलीकडं आणि गाव पलीकडं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वाडीचा आणि शाळेचा संबंध संपला. मागून जिंतूरकडं एक गाडीवाट होती, पण तिनं वळसा घालून शाळेत पोचेपर्यंत शाळा सुटायची वेळ व्हायची.

वाडीत किसनराव म्हणून मोठे शेतकरी होते. त्यांची शकू सातवीत गेली. उन्हाळ्यात हेडसर त्यांच्या ओसरीवर आले आणि म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पुढं शिकवा."

किसनराव म्हणाले, "सर, निम्मं वरीस तुमची शाळा पाण्यातच आस्ती. औंदा जर का बुडाली, तर तुळशीचं लगीन लागलं की शकूचं बी लावून टाकतो. मला बी फिकीर न्हाई, तुमाला बी न्हाई."

शकू दाराआड उभी होती. हेडसरांनी तिच्याकडं एकदा बघितलं. म्हणाले, "आणि नाही बुडाली तर?"

"पाण्यावरनं शाळा कशी चालत येती, ते बगतोच की!"

शाळा चालत आली नाही. ओरडत आली! ओढ्याला पाणी आलं त्याच दिवशी हेडसरांनी शाळेच्या आवारातल्या लिंबाला भोंगा बांधला, तोंड वाडीकडं केलं, खाली ट्रॅक्टरची बॅटरी ठेवली आणि माईक हातात धरला. "वाडीच्या मुलांनो, वह्या काढा!"

वाडीत एवढी मोठी जागा एकच. किसनरावांचा गोठा. तिथं पोरं बसली. मी वाडीतच राहणारा, म्हणून ह्या काठावरचा कारभार माझ्याकडं आला. सरांचं बोलणं आम्हाला ऐकू यायचं, आमचं सरांना नाही. म्हणून मला दोन फडकी दिली होती. पोरांना समजलं तर पांढरं दाखवायचं, नाही समजलं तर लाल.

*

पहिल्याच आठवड्यात भागाकार आला. सरांनी शिकवला. विचारलं, "समजलं का?" पोरं हो म्हणाली. मी पांढरं फडकं हलवलं.

"बरं, पुन्हा सांगतो."

पुन्हा सांगितलं. मी पुन्हा पांढरं हलवलं. सर म्हणाले, "हरकत नाही. अगदी सुरुवातीपासून घेऊ."

असं करता करता सरांचा घसा बसला. पोरं भागाकार झोपेत म्हणतील अशी झाली, तरी सर थांबेनात! शेवटी मी मागं वळून बघितलं. किसनरावांच्या बायकोनं, गयाबाईनं, लालभडक नऊवारी लुगडं गोठ्यासमोर वाळत घातलं होतं. असल्या निशाणापुढं माझं फडकं कुठं दिसणार?

मी गाडीवाटेनं चिठ्ठी धाडली आणि दुसऱ्या दिवशी भोंग्यातून पहिली सूचना निघाली. "पालकांनी शाळेच्या वेळात लाल लुगडी वाळत घालू नयेत."

गयाबाई माझ्यावर उसळली. "मामा, मंग काय ह्यांचं धोतर वाळू घालू का?"

"नका वैनी! मग पोरांना सगळंच समजलं असं होईल."

*

भोंगा शाळेचा नव्हता. गावातल्या बौद्ध वस्तीतल्या पोरांनी जयंतीसाठी वर्गणी काढून घेतलेला होता. त्या दिवसांत गावात दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या ओट्यावर बसत नव्हती. हेडसर विचारायला गेले तेव्हा जयंती मंडळाचा मिलिंद म्हणाला, "सर, शाळेसाठी पायजे ना? न्या. भाडंबिडं काई नको. फकस्त त्याला भोंगा म्हनू नका. लाऊडस्पीकर म्हना. लय हिंडून आणलाय."

इकडं आमच्या वाडीत दाजीबा म्हातारे बसल्या जागी कुरकुरले, "त्यांच्या भोंग्यातून आमच्या पोरांनी शिकावं व्हय?"

त्यांचा नातू दुसरीत होता. पाढा म्हणता म्हणता थांबला आणि म्हणाला, "आबा, बे दुने चारच सांगायलेत की. तुमचं काय येगळं हाय का?"

दाजीबांनी तोंडात तंबाखू टाकली. तंबाखू तोंडात असली की माणसाला बोलता येत नाही, ही एक सोय असते.

*

महिनाभरात गावातले पालक शाळेवर चालून आले. हेडसर दिवसभर ओढ्याकडं तोंड करून शिकवायचे. त्यांच्या पाठीमागं जो वर्ग होता, त्यात पोरं गोट्या खेळत होती. एकानं तर सरांच्या खुर्चीखाली बकरीचं करडू बांधलं होतं आणि सरांना चार दिवस पत्ता नव्हता.

एक पालक म्हणाले, "सर, वाडीची शाळा पाण्यानं बुडत व्हती. आमची तर कोरडीच बुडायली की!"

तेव्हापासून सर तिरपे उभे राहून शिकवू लागले. एक डोळा वर्गावर, एक ओढ्यावर. पुढं रिटायर झाले तरी ते माणसाशी बोलताना तसेच तिरपे उभे राहत.

*

किसनराव गोठ्यात कधी आले नाहीत. पण तासाच्या वेळी ते ओसरीवर दोरी वळत बसायचे. वाडीत इतकी दोरी कशाला लागत होती, ते मला अजून कळलेलं नाही.

एके दिवशी भूगोल चालला होता. सर म्हणाले, "आपल्या ओढ्याचं पाणी दुधनेला जातं, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला आणि गोदावरी समुद्राला मिळते."

किसनरावांची दोरी थांबली. ते उठून पार काठावर गेले आणि हात तोंडाशी धरून ओरडले, "ओ सर! म्हंजी माझ्या वावरातली माती समुद्रात चालली का काय?"

पाण्याच्या आवाजात सरांना काय ऐकू जातंय? ते पुढं समुद्राचं सांगत राहिले. किसनराव तिथंच उभे. "अरे, इचारायलोय म्या! मामा, दाखीव की काईतरी!"

माझ्याकडं दोन फडकी होती. प्रश्नाचं फडकं नव्हतं.

मी हे सरांना चिठ्ठी लिहून गाडीवाटेनं कळवलं. चिठ्ठी पोचली तशी नवी सूचना आली. "शंका असल्यास मामांनी छत्री उघडावी."

छत्री! भर श्रावणात!

दुसऱ्याच दिवशी तासाला पावसाची सर आली. पाऊस आमच्याकडून तिकडं सरकत होता, म्हणजे सरांच्या काठावर चक्क ऊन. मी काठावर उभा, छत्री उघडली. माझं बघून आणखी दोघांनी उघडल्या.

भोंगा आनंदानं बोलला, "अरे वा! वाडीला शंका आली! शाबास! शंका येणं हे बुद्धीचं लक्षण आहे. विचारा मामा, काय शंका आहे?"

मी छत्री मिटली तर भिजणार, न मिटली तर शंका राहणार. तसाच उभा राहिलो. सर अर्धा तास बुद्धीवर बोलले.

*

वाडीत रखमा आजी होती. तिचं कुणीच शाळेत नव्हतं, पण ती रोज गोठ्यात येऊन बसायची. म्हणायची, "घरात एकलीच आस्ते मी. कुनीतरी बोलायलंय, आयकत बसते."

एकदा बॅटरी उतरली. सरांचा आवाज आधी घोगरा झाला, मग बारीक होत होत गेला. कविता अर्ध्यात राहिली. पोरं हसली, पण आजीला चैन पडेना. "सरांला दीठ लागली रं कुनाची तरी! रोज एवढं बोलतंय बिचारं!"

तिनं मीठमिरच्या आणल्या आणि ओढ्याकडं तोंड करून, भोंग्याच्या दिशेनं ओवाळून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी मिलिंदनं भरलेली बॅटरी लावली. भोंगा असा कडाडला, की गोठ्यातली म्हैस दचकून उठली. आजी सगळ्यांकडं बघत म्हणाली, "उतरली का न्हाई?"

नंतर मी तिला बॅटरीचं समजावून सांगायला गेलो. ती म्हणाली, "व्हय, पन तिला बी दीठ लागतीच की."

*

माईकचं बटण बंद करायचं सर कायम विसरायचे. त्यामुळं आम्हाला मधल्या सुट्टीत त्यांचा डबा, त्यांची पाठदुखी, सगळं कळायचं. सरांच्या घरून डब्यात रोज कारलं येतं, हे वाडीतल्या लहान पोरालासुद्धा माहीत होतं.

असंच एकदा तास संपला. भोंग्यातून दुसऱ्या गुरुजींचा आवाज आला. "सर, तुम्ही घसा फोडून घेता, पण तो किसनराव काही ऐकायचा नाही. लग्न लावणारच तो पोरीचं."

शकू माझ्याशेजारीच होती. तिनं वहीत डोकं घातलं. किसनराव ओसरीवर होते, आणि त्यांच्याकडं बघायची कुणाची छाती नव्हती.

मग हेडसरांचा आवाज आला. "तुम्हाला माणूस कळत नाही. वरून बाभळीचा काटा आहे तो, आतून सीताफळ. पहिल्या दिवशी मी दुर्बिणीतून बघितलं. पोरीच्या वहीवर गोठ्याचं पाणी गळत होतं, तर हा स्वतः वर चढून पत्र्यावर दगड ठेवत होता. आणि कुणी बघत नाही ना, म्हणून चारी बाजूंना बघत होता!"

सगळी वाडी ऐकत होती. गयाबाईनं तोंडाला पदर लावला. कुणीतरी फिसकन हसलं, मग दाजीबासुद्धा हसले.

किसनराव लालबुंद होऊन उठले. "ती वायर तोडा रं कुनीतरी! आन् त्या सरांची दुर्बीण काढून घ्या आदी!"

*

पितृपक्ष सुरू व्हायच्या आधी किसनरावांचे मेहुणे गाडीवाटेनं पाहुणे घेऊन आले. म्हणाले, "दाजी, बगायला काय जातंय? चांगलं ठिकान हाय. सोताची इहीर हाय." पाहुणे ओसरीवर बसले. फेटेवाले एक काका होते, त्यांच्या हातात सगळं. मला गयाबाईनं चहाचे कप न्यायला बोलावलं होतं, म्हणून मी तिथं होतो.

शकूला साडी नेसवली होती. ती पाटावर बसली. तोंड असं झालेलं, की माझ्यानं बघवेना. काकांनी नाव विचारलं, तिनं सांगितलं. सैपाक येतो का म्हणाले, तिनं मान हलवली.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून भोंगा लागला. "सातवीच्या मुलांनो, गणिताच्या वह्या काढा. कालचं उदाहरण अर्धं राहिलंय."

काका म्हणाले, "हे काय?"

शकूनं वर बघितलं, सरळ बापाकडं. किसनराव आढ्याकडं बघत होते. मग ते आढ्यावरची नजर न काढताच म्हणाले, "वही कुठाय तुझी?"

शकू उठली. साडीचा घोळ हातात धरून ओसरी उतरली, आणि गोठ्यात म्हशीच्या पुढ्यात जाऊन पोरांत बसली.

पाहुणे एकमेकांची तोंडं बघू लागले. मेहुणे ताडकन उठले. "आरं, पोरगी उठून गेली की! थांबा, बोलावून आनतो."

किसनराव म्हणाले, "बस खाली. गणित चालू हाय."

मेहुणे बसले. भोंगा चालू होता. थोड्या वेळानं फेटेवाल्या काकांनी खाकरून विचारलं, "मंग पाव्हनं, कितीक येळ चालतं म्हनायचं हे?"

किसनरावांनी कपातला चहा बशीत ओतला, त्याच्यावर शांतपणे फुंकर मारली, आणि म्हणाले,

"धाव्वीपस्तोर. तवर च्या घ्या."