जपानी दोरी आणि पहिल्या लावणीचा मान

माझं शिक्षण दुसरी, आणि तीसुद्धा पुरी नाही. मास्तरांनी छडी उगारली, मी ती हिसकावून मोडली आणि घरी आलो, तो परत गेलोच नाही. त्याची लाज मला कधी वाटली नाही. हल्ली जो तो मला ऐकवतो की शिकल्याशिवाय देश पुढे जात नाही. बरोबर आहे. पण देश अडवायला शिक्षण लागत नाही, हे मी स्वतः करून पाहिलं आहे.

आमच्या वाडीत भातलावणीचा पहिला मान आमच्या घराचा. आधी दाट पेरून वाढवलेली रोपं, म्हणजे तरवा, उपटायचा आणि शेतात लावायचा; पण मानकऱ्याने आपल्या शेतात पहिली मूठ लावल्याशिवाय दुसऱ्या कुणी लावणीला हात घालायचा नाही. वडील गेले आणि मान माझ्याकडे आला. जमीन बेताची होती, पण अख्खी वाडी आपल्या एका मुठीसाठी थांबते, या सुखापुढे जमीन काय!

स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली असतील. एका पावसाळ्यात फोंडाघाट उतरून एक ग्रामसेवक आमच्याकडे आला. कोवळा पोरगा, विजार पोटरीपर्यंत दुमडलेली, बगलेत छत्री, हातात गाठी मारलेली लांब दोरी. म्हणाला, "काका, यंदा जपानी पद्धतीनं लावणी करू. दोरी ताणायची, गाठीगाठीला रोप लावायचं. ओळी सरळ आल्या की वारा खेळतो, बेणणीला तण काढणं सोपं जातं, पीक वाढतं. तुम्ही सुरुवात केलीत की गाव करेल."

बांधावर बसलेल्या बायका हसून लोळायच्या राहिल्या. एकजण म्हणाली, "भाताक काय पंगतीत बसवतास? मगे पत्रावळ्योय घाला!"

मीही हसलो. पण आत कुठेतरी टोचलं. पहिली मूठ माझी आणि ती कुठे लावायची हे ठरवणार हा घाटावरचा पोरगा? मग मान कुणाचा, माझा की दोरीचा? तोंडावर नाही म्हटलं तर अडाणी ठरणार, हो म्हटलं तर वाडी म्हणणार, मानकऱ्याला दोरीला बांधला. म्हणून मी शहाण्यासारखा तोडगा काढला. म्हटलं, "देवाक विचारूया."

देव आपल्या बाजूचा, अशी माझी खात्री होती. देवळात जमलो. गुरवाने पाषाणावर फुलांचे कळे लावले. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो सरकारचो माणूस जपानी लावणी घेवन इलो हा, ती करूची असात तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. आणि टप्पदिशी उजवा कळा पडला.

मी म्हटलं, "फूल ओला होता. परत लाव."

परत उजवाच पडला.

"देवाक जपानी खंय म्हायत आसा?" मी म्हटलं.

गुरव माझ्याच वयाचा, लहानपणापासून एकत्र भांडलेला. म्हणाला, "देवाक म्हायत नाय, मगे तुका खंयसून म्हायत रे? तू काय जपानाक जावन इलंस?"

देऊळभर हशा पिकला. मी तिथून उठलो आणि जाहीर केलं की अमावास्या झाल्यावर बघू.

अमावास्येला अजून बरेच दिवस होते. वाडी थांबली. कुणी मला बोललं नाही. मान म्हणजे मान. पण तरवा थांबत नाही. तो वाढत चालला, पिवळा पडू लागला. जून झालेलं रोप लावलं तर त्याला फुटवे येत नाहीत, हे मला दुसरीतसुद्धा ठाऊक होतं. माणसं माझ्या अंगणावरून जाताना उगाच खाकरायची. ग्रामसेवक रोज येऊन तरवा बघायचा आणि छत्री उघडून परत जायचा. त्याचं ते बघणं मला फार लागायचं.

शेवटी बायको बोलली. तिला तर अक्षरओळखही नव्हती. चुलीपाशी बसून माझ्याकडे न बघता म्हणाली, "आयकलास? तरवो म्हातारो झालो, आणि तुमी अजून फुलांवांगडा झगडतास. पयली मूठ तुमची. तो मान कोण नेना नाय. दोरी आमी बायका धरतलंव. दोरी धरल्यान आमचे हात झडतले काय?"

मी उठून खुंटीवरची घोंगडी उतरवली आणि उद्यासाठी चुलीपाशी वाळत टाकली. माझा होकार असाच असतो, हे तिला लग्नापासून माहीत.

दुसऱ्या दिवशी मी शेतात उतरलो. ग्रामसेवकाने दोरी ताणून धरली होती. मी पहिली मूठ लावली, ती मुद्दाम दोरीपासून वीतभर लांब. तो बघत होता. त्याने दोरी वीतभर सरकवून माझ्या मुठीजवळ आणली आणि बायकांना म्हणाला, "हं, आता इथून."

सकाळभर काम रखडलं, मला बरं वाटलं. दुपारनंतर बायकांना त्या दोरीची लय सापडली आणि माझं बरं वाटणं संपलं. पुढे बेणणीला ओळींमधून दातेरी चाक फिरवायचं. चार दिवसांचं कंबरडं मोडणारं काम दीड दिवसात झालं. कापणीच्या आधी मी एकटाच शेतात गेलो, एक लोंबी तळहातावर चोळली, आणि कुणी बघत नाही ना म्हणून मागे पाहिलं. दाणा भरलेला होता.

मग तालुक्याहून मोठे साहेब पीक बघायला आले. बांधावर उभे राहून विचारलं, "ही पद्धत गावात कोणी आणली?"

"मी," मी म्हटलं.

ग्रामसेवक माझ्या मागेच उभा होता. त्याने छत्री या बगलेतून त्या बगलेत घेतली, एवढंच. साहेबांनी माझा हात हातात घेतला. आज लिहून टाकतो, पद्धत मी आणली नव्हती. मी ती तरवा पिवळा पडेपर्यंत अडवली होती.

पण गंमत बघा. मानकऱ्याची कल्पना म्हटल्यावर पुढच्या वर्षी आसपासच्या वाड्यांनी आपणहून दोऱ्या वळल्या. सरकारच्या दोरीला कुणी हात लावला नसता. आणि कुणाची ओळ वाकडी गेली तर सगळ्यात जास्त मीच ओरडायचो.

दोन वर्षांनी त्याची बदली झाली. निरोप घ्यायला आला. मी चार नारळ दिले. खरं ते बोलावं असं फार मनात होतं, जीभ उचलेना. तोच म्हणाला, "काका, तुम्ही त्या दिवशी साहेबांना 'मी' म्हणालात ना, तेव्हा मला हायसं वाटलं. म्हटलं, आता मी गेलो तरी दोरी राहील."

माझ्या मुलाच्या वयाचा पोरगा! मला राग आला, की आणखी काही आलं, देव जाणे. मी म्हटलं, "खालच्या वाटेन जा. वयल्या वाटेर चिखल आसा."

घरात आलो. बायकोने विचारलं, "सांगलास त्याका?"

"वाट सांगलंय," मी म्हटलं, आणि जेवायला बसलो.