चौकट नसलेली घरं

सेतुअण्णा गेल्याचं मला बसच्या कंडक्टरनं सांगितलं. तिरुविडैमरुदूरहून येणारी पहिली गाडी कुंभकोणमच्या बाजारात थांबते आणि तीच परत फिरते. त्या गाडीनं मी अण्णांकडेच निघालो होतो, पिशवीत त्यांच्यासाठी कोवळी विड्याची पानं होती. कंडक्टर ओळखीचा. मी पायरीवर पाय ठेवतोय तोच म्हणाला, "तुमचे मोठे भाऊ पहाटे गेले. घरून निरोप आहे." मी तसाच चढलो आणि तिकीट काढलं. गाडीत कुणीतरी भाताच्या भावावरून भांडत होतं, ते सगळं मला स्पष्ट ऐकू येत होतं... आज त्याला सहा आठवडे झाले. चार चांगले शब्द लिहावेत असं सगळे म्हणतात. चांगले शब्द पुष्कळ आहेत, पण आधी मला एक वाईट गोष्ट सांगायची आहे, आणि ती अण्णांची नाही.

सेतुअण्णा माझे आतेभाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. आमची घराणी मराठ्यांच्या राज्यात इकडे आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आमची मराठी ऐकून तोंड दाबून हसतात. हसोत बापडे. आम्ही दोघं एकाच कचेरीत होतो. तिचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहून काही बदलणार नाही. अण्णा मोजणीदार आणि मी त्यांचा कारकून. माणूस नाकासमोर चालणारा आणि पंचांगाचा पक्का. वार बघितल्याशिवाय केससुद्धा कापायचे नाहीत. मी चिडवायचो, "अण्णा, शिंक आली तर मुहूर्त कोणता?" ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "तुज होणा तर शोधून देतों. पण तोंवर शिंकूं नक्को."

सहा-सात वर्षांपूर्वी कचेरीनं गावातल्या घरांना नंबर घालायचं काम आमच्याकडे दिलं. अण्णांच्या हातात डांबराचा ब्रश, माझ्या काखेत यादीचं बाड आणि दुसऱ्या हातात डांबराचा डबा. दाराच्या चौकटीवर वरच्या पट्टीला नंबर घालायचा, यादीत घराची जात लिहायची : गच्चीचं, कौलाचं की झावळ्यांचं. माणसाची जात लिहायचा रकाना नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. जन्म गेला या गावात, पण गाव कसं बसलंय ते मला त्या दोन महिन्यांत दिसलं. देवळाच्या आणि मोठ्या तळ्याच्या भोवती गच्चीची घरं, विहिरींना गोडं पाणी. त्यांच्या पाठीमागे आमच्यासारख्यांची कौलं. मग रेशमाच्या मागांची गल्ली, मग पितळेच्या समया ओतणारे, जिथे भिंतीला भिंत आणि धुराला धूर. आणि सगळ्यांच्या खाली, अरसलार नदीच्या काठाला, जिथे गावाचं सांडपाणी उतरतं तिथे चेरी, म्हणजे गावानं बाहेर ठेवलेल्यांची वस्ती. मोठ्या पंगतीत देवाजवळ कुणी बसायचं आणि उष्टी पानं पडेपर्यंत बाहेर कुणी थांबायचं हे जसं कुणाला सांगावं लागत नाही, तसंच हे. आणि मधल्या पानावर बसणारा सगळ्यात गप्प असतो. तो मी.

चेरीत आमचं काम अडलं. नियम असा होता की दाराला लाकडी चौकट असेल तरच ते घर, नाहीतर झाप. आणि चेरीत तर कुठेच चौकट नव्हती. दाराच्या जागी झावळीचा तट्टा टांगलेला. नियमात बसत नाही म्हणून सोडून द्यावं, तर नदीकाठानं नवा रस्ता आणि बाजाराचं आवार येणार होतं. ज्याला नंबर त्याला दुसरीकडे जागा मिळणार होती. झापांना काहीच नाही, हातभर जमीनसुद्धा नाही. हे अण्णांनी वस्तीच्या मध्ये उभं राहून सगळ्यांना समजावून सांगितलं. हे समजावून सांगा असं कचेरीनं त्यांना सांगितलं नव्हतं. पुढे आली ती मुनियम्मा, चाळिशीची, भाताच्या लावणीला जाणारी बाई. म्हणाली, "सामी, जुनी लाकडं आणू, बांबू उभे करू. आजच करू?"

महिना मार्गळीचा होता, म्हणजे आपला धनुर्मास. या महिन्यात इथे कुणी घराला हात लावत नाही. चौकट बसवायची तर हळदकुंकू, आंब्याचा डहाळा, चांगला वार, सगळं लागतं. गच्चीवाल्यांना लागतं तसं चेरीलाही लागतं. अण्णांचा चेहरा मला आठवतो. हिशेब कचेरीचा नव्हता, पंचांगाचा होता. ते म्हणाले, "मार्गळीत चौकट बसवू नका. घराला बाधते. तै महिना लागला की पहिल्याच दिवशी बसवा, मी येऊन नंबर घालतो. यादी तोवर उघडी आहे." तैचा पहिला दिवस म्हणजे पोंगल, आपली संक्रांत, आणि यादी त्यानंतर दुसऱ्या आठवड्यात जाणार असं आम्हाला सांगितलेलं होतं. अण्णा खोटं बोलले नाहीत. त्यांना त्या लोकांचं भलंच व्हायला हवं होतं, आणि भलं म्हणजे मुहूर्तावर झालेलं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

पोंगलला पाच दिवस होते आणि वरून हुकूम आला : यादी आजच दुपारी पाहिजे. अण्णांनी तो कागद दोनदा वाचला, पागोटं डोक्यावर ठेवलं आणि चालायला लागले. मी डबा घेऊन मागून पळालो. सकाळचे नऊ वाजले असतील. वस्तीत जाऊन त्यांनी हात जोडले. ज्यांची सावली पडली तरी आमची आई अंघोळ करायची, त्यांच्यापुढे अण्णांनी हात जोडलेले मी पाहिले. "आत्ताच्या आत्ता बसवा. मिळेल ते लाकूड लावा. माझं चुकलं." काहींनी धावाधाव केली. कुणी खाटेचे पाय काढले, कुणी नांगराचं जुनं लाकूड उभं केलं. अण्णा नंबर घालत सुटले. पण निम्म्याहून जास्त घरं हलली नाहीत. मुनियम्मा दारात बसून होती. आत तिची सून, दिवस भरत आलेली. ती म्हणाली, "सामी, तुम्हीच सांगितलंत घराला बाधतं म्हणून. तुमच्या घरात पोटुशी असती तर बसवली असतीत?"

वर ऊन चढत होतं. दुपारी बाड कचेरीत द्यायचं होतं. लांब रस्त्यावर कचेरीचा शिपाई सायकल टेकवून आमच्याकडे बघत उभा होता. अण्णा एकदम वळले, मुनियम्माच्या दाराच्या तट्ट्याकडे गेले आणि ब्रश वर केला. ब्रश कोरडा होता. "डबा दे," ते मराठीत म्हणाले. "तट्ट्यावरच घालतों नंबर. अस्क्यांस, एकूणएक घरास घालतों. चौकट आहे म्हणून लिही." मी म्हणालो, "अण्णा, शिपाई बघतो आहे. दोघांची नोकरी जाईल. माझीं लेंकरें लहान आहेत." ते पुन्हा म्हणाले, "डबा दे रे." मी डबा पाठीमागे धरला. मग उचलून चालायलाच लागलो, सरळ रस्त्यापर्यंत, मागे न बघता. अण्णांचा ब्रश तसाच कोरडा राहिला. यादी वेळेवर पोचली. साहेबांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

पंगुनी महिन्यात, म्हणजे आपल्या फाल्गुनात, झाप काढले. नंबरवाल्यांना जागा मिळाली. बाकीची माणसं कुठे गेली, मी विचारलं नाही. अण्णा मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि ते मला जास्त झोंबलं. त्यांनी वर्षभरात नोकरी सोडली आणि तिरुविडैमरुदूरला भाड्याच्या घरात राहायला गेले. मी जायचो, पानं न्यायचो, आम्ही देवाधर्माचं, पोरांचं बोलायचो. त्या दिवसाबद्दल मात्र कधीच नाही. पंचांग भिंतीवरून उतरलं होतं. एकदा मी खोचून विचारलं, तर म्हणाले, "डोळे गेले आतां, दिसत नाही." ते दिवसभर बारीक टाइपाचं वर्तमानपत्र वाचत, हे मला माहीत होतं. तरी मी मान हलवली.

तेराव्यानंतर वहिनींनी माझ्यापुढे एक लांबडी वही ठेवली. "तुम्हांस कळेल म्हणून. दर महिन्यास बस धरून कोठें जायचे, मज कधी सांगितलें नाहीं." वहीत आमच्या यादीसारखेच रकाने आखलेले. चेरीतून उठवलेल्या एकेका घराचं नाव, कुठे जाऊन राहिले, घरात माणसं किती, कोण मेलं, कोण जन्मलं. शेवटचा रकाना कारणाचा. त्यात प्रत्येक नावापुढे, अण्णांच्या त्याच सुबक अक्षरात, एकच ओळ : मी थांबायला सांगितलं. मी सगळी पानं उलटली. माझं नाव शोधत होतो. कुठेही नव्हतं. डब्याचा उल्लेख नव्हता. आयुष्यात मला कुणी एवढं सांभाळून घेतलेलं नाही, आणि मला त्याची इतकी लाज वाटली की वहिनींना मी "जुनी मोजणी आहे" एवढंच म्हणून उठलो.

गेल्या शुक्रवारी मी तिरुनीलक्कुडीला गेलो. वहीत मुनियम्माचा ठावठिकाणा तोच होता, गावाबाहेर कालव्याच्या बांधावर. झोपडी पहिल्यापेक्षा लहान. ती आता वाकली आहे. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. मी म्हणालो, "अण्णा गेले." ती खाली बसली. बराच वेळ डोळ्यांना पदर लावून रडली, आमच्या घरातल्या कित्येकांपेक्षा जास्त. मग मी पाठ केलेलं सांगून टाकलं, की त्या दिवशी अण्णा नंबर घालणार होते, डबा मी पळवला, दोष त्यांचा नाही. ती म्हणाली, "माहीत आहे, सामी. मी तिथेच बसले होते ना? डबा तुम्ही उचललात, सगळ्या वस्तीनं पाहिलं."

"मग मला कधी कुणी बोललं नाही ते?"

"तुम्हाला कुठे बोलणार? ते दर महिन्याला यायचे. तुम्ही आज आलात."

आत कुडाच्या खुंटीला एक ॲल्युमिनियमचा पेला वेगळा टांगलेला होता. तिनं तो काढला, मडक्यातलं पाणी भरलं आणि माझ्यापुढे धरला. "त्यांचा आहे," ती म्हणाली. "ते इथेच बसून प्यायचे." आमचे सेतुअण्णा, जे सोवळ्यात असताना सख्ख्या भावाच्या हातचं पाणी घेत नसत! माझा हात लगेच पुढे झाला नाही. तिनंही पेला मागे घेतला नाही. शेवटी मी घेतला आणि सगळं पाणी संपवलं. तिनं रिकामा पेला माझ्या हातातून घेतला, विसळला, आणि खुंटीला न टांगता घरच्या बाकीच्या भांड्यांत ठेवून दिला.