चप्पलकाकांची अर्धी पट्टी

चप्पलकाकांच्या दोन्ही पायांत एकाच जोडीच्या चपला मी क्वचितच पाहिल्या. त्यांना फिट यायची. भाईंदरच्या रस्त्यावर कुणी असं कोसळलं की चार भाषांतले लोक धावत येतात, आणि एका बाबतीत सगळ्यांचं एकमत असतं: नाकाला चप्पल लावायची. हाताला लागेल ती. काका शुद्धीवर येईपर्यंत त्यांची एक तरी गायब असायची आणि उशाशी भलत्याच कुणाची तरी उरलेली असायची. "फिट फुकट येते रे, चप्पल दीडशेची जाते," ते म्हणायचे.

मी तेव्हा मेडिकलच्या काउंटरवर नवा होतो आणि काका आमचं ठरलेलं गिऱ्हाईक. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात ते पॉलिशच्या मशीनवर होते. एकदा तिथेच फिट आली, तेव्हापासून शेठने त्यांना कमी पगारावर पॅकिंगला बसवलं. आधी ताटात तोंड बघायचा पगार मिळायचा, आता ताट गुंडाळायचा मिळतो, असं ते सांगायचे.

चपलेपेक्षा महाग पडायची ती लोकांची माया. रिक्षात घालून थेट प्रायव्हेट हॉस्पिटल, आणि डोळे उघडावेत तर हाताला सलाइन. शेवटी काकांनी मराठी, हिंदी आणि गुजरातीत चिठ्ठी लिहून, लॅमिनेट करून खिशाला लावली: 'मला फिट येते. कुशीवर झोपवा. पाच मिनिटांत उठेन. हॉस्पिटलात नेणाऱ्याने बिल भरावे.' शेवटची ओळ वाचून एका रिक्षावाल्याने त्यांना अर्ध्या रस्त्यातून परत आणून होते त्याच जागी नीट निजवलं होतं. काका ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगत.

गोळी मात्र दिवसातून दोनदा होती. मुलगी नर्सिंगला गेली, तिची फी सुरू झाली आणि काका अर्धीच पट्टी मागू लागले. रात्रीची गोळी त्यांनी बंदच केली होती. मी डॉक्टरांना विचारा म्हटलं, तर म्हणाले, "झोपेत आली तर काय जातंय? चप्पल तर पायात नसते." मला इतकं हसू आलं की हसत हसतच मी कात्री घेतली आणि पट्टी कापली. काकूला बोलू नकोस, एवढं सांगून ते गेले.

एका सकाळी काका उठलेच नाहीत. झोपेतच फिट आली होती.

महिन्याभराने काकू दुकानात आल्या. "गोळ्या वेळेवर नेत होते ना रे?" मी हो म्हणालो. मला काकांचा राग येतो, आणि माझा त्याहून जास्त.

त्यांची मुलगी आता नर्स आहे. तिने विचारलं तर मला हो म्हणता येणार नाही. ती दुकानात शिरली की मी मागे स्टॉक बघायला जातो.