कप्तानाची डावी कड

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. मुलीने विचारलं तेव्हा टाळलं, नातीने शाळेच्या प्रकल्पासाठी माझी मुलाखत घेतली तेव्हाही. तिला मी चषकासोबतचा फोटो दाखवला आणि विषय बदलला. त्या फोटोत माझ्या शेजारी एक उंच, टक्कल पडलेला माणूस उभा आहे. त्याच्याबद्दल गावात जे बोललं गेलं ते खोटं आहे, आणि ते खोटं माझ्यापासून सुरू झालं.

मी पिंपरीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं टूलरूममध्ये ग्राइंडर होतो, लोखंडाचे नग घासून मापात आणायचो. निवृत्त झालो आणि मुलीने आम्हा दोघांना पेनसिल्व्हेनियात बोलावून घेतलं. दोन वर्षांत बायको गेली. मी दिवसभर खिडकीत बसून कचऱ्याची गाडी कधी येते ते बघायचो. मुलीच्या ऑफिसच्या वाटेवर आईस हॉकीचं स्टेडियम होतं. तिथल्या व्यावसायिक संघाला सामान सांभाळायला माणूस हवा होता. मी ते काम धरलं. पहिल्या दिवशी मुलगी सोडायला आली आणि दारातून ओरडली, "बाबा, डबा विसरलात!" त्या दिवसापासून सगळा संघ मला बाबा म्हणायला लागला. वीस वर्षांची दांडगी पोरं "बाबा, माझे मोजे कुठे?" करत मागे फिरायची.

सामानखात्याचा प्रमुख म्हणजे फोटोतला तो टकल्या माणूस. माझ्याच वयाचा. स्केटच्या पात्यांना धार लावायचं काम त्याचं. पात्याला खाली दोन कडा असतात, मध्ये बारीक खोबण. खेळाडू त्या कडांवर वळतो, थांबतो, उभा राहतो. तो यंत्रावर पातं धरायचा तेव्हा आवाज मधे कुठे तुटायचा नाही. पहिल्याच आठवड्यात मी त्याला उस्ताद म्हणालो. अर्थ विचारला, तेव्हा सांगितलं, "ज्याच्याकडून हात शिकायचा तो."

"मग पगार वाढवायला सांग त्यांना," तो म्हणाला. पण पुढे फोनवर स्वतःची ओळख उस्ताद म्हणूनच करून द्यायला लागला. मला त्याने सगळं शिकवलं. वर्षभरात निम्म्या संघाची पाती मी करत होतो.

त्या वर्षी आम्ही अजिंक्यपद जिंकलो, आणि पुढचा मोसम वैताग होता.

जिंकलेल्या संघात काहीही बदलायचं नाही, असा अलिखित कायदा. कॉफीचं यंत्र अर्धा कप गरम पाणी नि अर्धा कप गाळ द्यायचं. नवीन घ्यायचं नाही, गेल्या वर्षी हेच होतं. एक खेळाडू फाटकं बनियन घालून खेळायचा. मी त्याला ठिगळ लावायला घेतलं तर तो किंचाळला, "बाबा, हात नको लावूस! यात आपण जिंकलोय!" एवढं करूनही आम्ही हरत होतो. ज्यांना आम्ही गेल्या वर्षी चारीमुंड्या चीत केलं ते संघ आमच्यावर राग काढायला येत. प्रशिक्षक काठ्या भिंतीवर आपटायचा, तुकडे मी गोळा करायचो. वर छताला अजिंक्यपदाचं निशाण लटकत होतं आणि खालून प्रेक्षक म्हणायचे, "ते उतरवा आता!" घरी मी अर्ध्या ताटावरून उठायचो. मुलगी म्हणायची, "बाबा, इतकं काय मनाला लावून घेता? गेम आहे यार तो." मला तिचाही राग यायचा.

सगळी भिस्त कप्तानावर होती. त्याची पाती फक्त उस्ताद करायचा.

डिसेंबरमध्ये उस्तादच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तो दोन दिवस नसणार होता. जाताना म्हणाला, "सगळं तू कर. कप्तानाचे स्केट्स मी करून ठेवलेत. त्यांना हात लावू नकोस."

"का हो?"

"ते तसेच हवेत त्याला." आणि गाडीत बसला.

मी इतरांची पाती संपवली. हात रिकामे होते. सहज म्हणून कप्तानाचा डावा स्केट उचलला आणि दोन्ही कडांवर मापणी, म्हणजे समतल तपासायची पट्टी, ठेवली. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा केसभर उंच.

ज्याने टूलरूममध्ये आयुष्य काढलंय त्यालाच कळेल तेव्हा मला काय झालं. वाकडी कड बघून आम्हाला झोप लागत नाही. "तसेच हवेत" हे शब्द कानात होते, तरी मला वाटलं, म्हाताऱ्याचं लक्ष बायकोकडे होतं, चूक झाली. आपण गुपचूप दुरुस्त करू, त्याची अब्रू वाचेल. खरं सांगायचं तर त्यात शिष्य वरचढ झाल्याचा आनंदही होता. मी यंत्र लावलं. चार हलके हात. कड पाण्यासारखी समतल.

दुसऱ्या दिवशी सामना. पहिला भाग संपल्यावर कप्तान माझ्याकडे आला. "बाबा, डावा पाय बर्फ धरत नाहीये. बघ जरा."

मी स्केट घेतला, मापणी ठेवली. "एकदम परफेक्ट आहे," मी म्हणालो. परत दिला. यासाठी मी स्वतःला सगळ्यात कमी माफ करतो. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं.

दुसऱ्या भागात तो डावीकडे वळताना घसरला आणि कठड्यावर जाऊन आदळला. गुडघ्याचा स्नायुबंध फाटला. त्याचा मोसम तिथेच संपला. आमचाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद परत आला. आधी कप्तानाचे स्केट्स उचलले. मापणी ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. मग माझ्याकडे वळला.

"लहानपणी त्याचा डावा घोटा मोडला होता. तो पाय आत कलतो. म्हणून आतली कड मी उंच ठेवतो, सहा वर्षं ठेवतोय. तू हात लावलास का याला?"

"नाही," मी म्हणालो.

तो शब्द कसा आला मला माहीत नाही. तीस वर्षांत माझा एकही नग नापास झाला नव्हता. आणि ते काम गेलं तर पुन्हा खिडकी आणि कचऱ्याची गाडी. पण ही कारणं मी नंतर जमवली. तेव्हा नुसतं 'नाही' आलं.

त्याने माझ्यावर शंका घेतली असती तर बरं झालं असतं. मी चिडलो असतो, भांडण झालं असतं, खरं बाहेर पडलं असतं. त्याने विश्वास ठेवला. बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. "मग मीच केलं असणार," म्हणाला. "डोकं हॉस्पिटलात होतं." आणि उठून प्रशिक्षकाच्या खोलीत गेला.

महिन्याभरात त्याला मानाने निवृत्त केलं. केक कापला. गावात मात्र एकच बोललं जायचं, म्हाताऱ्याच्या हाताने कप्तानाचा गुडघा घालवला. यंत्र माझ्याकडे आलं. मार्चमध्ये आम्ही बाद फेरीलाही पोचलो नाही. मी नोकरी सोडली. मुलीला सांगितलं, कंबर दुखते.

वसंतात एकदा त्याच्या घरी गेलो. मुलीने चकल्या दिल्या होत्या. गाडी लावेपर्यंत मी कबुलीची इंग्रजीतली वाक्यं घोकत होतो. त्याची बायको काठी टेकत स्वयंपाकघरात आली आणि आम्हाला चहा देऊन टोमॅटो कापायला लागली. सुरी बोथट होती. टोमॅटो चेचला, रस ओट्यावर पसरला.

"हसू नका," ती म्हणाली. "उस्तादांच्या घरात सुऱ्या धार लावायला बाहेर द्याव्या लागतात. हे हात लावत नाहीत."

तो खिडकीबाहेर बघत होता.

मी एक कप उपडा घातला आणि त्याच्या तळाच्या खरखरीत कडेवर सुरी घासली, माझी आई घासायची तशी. पुसून त्याच्या हातात दिली. त्याने टोमॅटोची एक चकती काढली, इतकी पातळ की सुरीचं पातं आरपार दिसलं.

"तुझा हात अजून आहे रे," तो म्हणाला. "माझा गेला."

मी म्हणालो, "चहा छान झालाय."

पुन्हा येईन म्हणून निघालो. दोन हिवाळे गेले, मी गेलो नाही, आणि मग त्याच्या बायकोचा फोन आला. तो गेला होता.

त्या ओट्यापाशी एवढंच म्हणायचं होतं: तुमचा हात गेला नव्हता, उस्ताद. ती कड तुम्ही बरोबर ठेवली होती. मी तिला हात लावला, आणि विचारलंत तेव्हा नाही म्हणालो. मला माफ करा.