तय्यबनं शेवटची काढलेली रेघ

माझा धाकटा भाऊ तय्यब जाऊन दोन महिने झाले. शिकलेला तो होता, मी चौथीपर्यंत. बोलते तसंच लिवते, चुकलं तर समजून घ्या.

तुडीलला आमच्या ओटीवर तो बारावीच्या पोरांना गणित शिकवायचा. लग्न केलं नाय. लोक बोलायचे, तय्यबचा निकाह गणिताशी लागलाय. खडू कायम खिशात. कपडे धुताना खिसा पांढरा झाला की मी शिव्या द्यायची, तो हसायचा.

यंदा गावातल्या जुनैदची पोरगी तूबा शिकायला आली. बाप कतारला, तिची शाळा पण तिकडंच झालेली. तिच्याकडं मोठ्या मोबाईलएवढी मशीन होती. गणित घातलं की काचेवर रेघ काढून दाखवायची, डोंगरासारखी चढउतार. तिथं सगळी पोरं तीच वापरतात म्हणं. आपल्या परीक्षेत ती चालत नाय. पोरगी हुशार, पण हातानं एक रेघ येईना. पेन्सिल धरली की नजर मशीनीवर. तय्यबनं मशीन काढून घेतली. "आधी हातानं. मशीनला नंतर विचारायचं," बोलला. पोरगी रडली, पण दिली.

त्या संध्याकाळी त्यानं तूबाच्या वहीत एक गणित लिवून दिलं. ती गेल्यावर तेच मशीनीत घातलं. मी भाकऱ्या करत होती. मला बोलवून दाखवलं, "आपा, बघ. उद्या ती काढून आणंल, मग हिच्याशी लावून बघू." दुसऱ्या दिवशी वीर स्टेशनला पावण्यांना आणायला गेला. रिक्षात बसता बसताच छातीला हात लावला. उद्या आलाच नाय.

मशीन ओटीवर होती. आपोआप बंद पडते, चालू केली की रेघ परत तिथंच. मी रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर बघायची. डावीकडं वरून येते, खाली उतरते, परत चढते, मग उजवीकडं खाली जाते ती जातेच. रेघ दिसली की वाटायचं, तो आत पाणी प्यायला गेलाय. कधी खडू घासल्यासारखं पण ऐकू यायचं. घरात मी एकटी, कोणाला सांगणार.

मग काच फिकट झाली. आपण टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून उन्हात ठेवतो ना, तसे मशीनीचे सेल मी अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवले. दुपारी परत घातले. मशीन चालू झाली. इंग्लिशमध्ये कायतरी आलं, आणि काच कोरी. माझ्या भावाच्या हातचं शेवटचं ते, मीच पुसलं. तीन दिवस मला घास गेला नाय.

तय्यबच्या चाळीसव्याला तूबा आली. मी तिच्या हातात मशीन ठेवली, बोलली, तय्यबनं तुझ्या वहीत दिलेल्या गणिताची रेघ हिच्यात होती, ती काढून दे. तिनं वही उघडली. गणित तय्यबच्या अक्षरात, खाली पान कोरं. मशीन नव्हती म्हणून तिनं हातच लावला नव्हता. बोट बटणावर नेलं आणि थांबलं. माझ्याकडं बघितलंन. तिनं मशीन पालथी ठेवली, पेन्सिल घेतली.

दिवस कलला, असरची अजान झाली तरी ती खाडाखोड करत होती. शेवटी कागद पुढं केलान. रेघ उजवीकडं वर चढत गेलेली.

"ही नाय गो. ती खाली जात होती."

"खाला, तुम्हाला काय कळतंय गणितातलं?" रडकुंडीला आली होती.

"गणित नाय कळत. रोज सकाळी बघितली हाय मी."

ती परत वहीत बघत बसली. मग कपाळावर हात मारलान. सुरवातीलाच वजा होतं, ते तिनं घेतलंच नव्हतं. परत सगळं केलं. आता रेघ वरून आली, उतरली, चढली, आणि उजवीकडं खाली गेली, कागदाच्या काठापर्यंत.

"हीच," मी बोलली.

मशीनला विचारलंच नाय आम्ही. मी तूबाला बोलली, घेऊन जा. तिनं नेली. कागद ओटीच्या भिंतीवर लावलाय.

जाताना तिनं ओटीवरचा तय्यबचा लाल पेन उचलून माझ्याकडं धरला. बरोबर आलं की तो त्यानं खूण करायचा. "खाला, तुम्ही करा."

मी नाय केली. पेन टोपण काढून तय्यबच्या बसायच्या जागेवर ठेवलाय. सकाळी उठली की आधी कागद बघते, खूण झाली काय.