हळदीची बाटली आणि दोन सॉफ्टवेअर

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही हसत विचारलंत, "आजी, इतकं कुरूप सॉफ्टवेअर का वापरतेस?" बोलताना तुम्ही मला मध्येच तोडता, म्हणून लिहून कळवते. मराठी अडलं तर मोठ्याने वाचा.

तुमची धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, गावच्या शेतातली हळद इथल्या एका व्यापाऱ्याला देते. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळेपणा देणारं द्रव्य, किती, हा आकडा तो मालाबरोबर मागतो. आकडा चुकला तर माल परत, आणि तिचं नावही गेलं. मी जन्मभर केमिस्ट्री शिकवलेली, तेव्हा तिचं निअर-इन्फ्रारेड यंत्र आमच्या विद्यानगरच्या घरी, जेवणाच्या टेबलावर आलं. ते हळदीवर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकून एक वाकडीतिकडी रेघ काढतं. रेघेवरून आकडा सांगायचं काम सॉफ्टवेअरचं. ते त्याला शिकवायला, लॅबमधून तपासून आणलेल्या हळदीच्या बाटल्या मी लेबलं लावून कपाटात ठेवल्या होत्या.

सॉफ्टवेअर दोन. महागडं दाखवायला आलेला विक्रेता चकली खात इथल्या दख्खनी हिंदीत म्हणाला, "टेन्शन नक्को लेओ अम्मा. एक बटन दबाओ, हो जाता." दुसरं फुकटचं, तुमच्यातल्या थोरलीने सुचवलेलं. नुसत्या करड्या चौकटी.

"सरकारी कचेरीत जन्मलेलं दिसतंय," तुमचे आजोबा म्हणाले.

सगळ्या बाटल्या यंत्राला दाखवून त्याच रेघा आणि लॅबचे आकडे दोघांना दिले. महागड्याने हिरवी खूण केली: सगळं उत्तम. फुकटच्याने प्रत्येक बाटलीचा, तिची रेघ आणि आकडा किती जुळतात ते दाखवणारा, एक ठिपका काढला. सगळे ठिपके घोळक्यात, एक मात्र लांब कोपऱ्यात, लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखा.

"माझ्या बाटल्या चुकणार नाहीत," मी म्हणाले, आणि महागड्याला होकार देणार, तोच जाऊ हळूच म्हणाली, "ताई, कोणती हो ती बाटली?"

"डावीकडची, शेवटची."

तिने जीभ चावली. "चैत्रातल्या हळदीकुंकवाला हळद कमी पडली. त्यातली घेतली."

"सगळी?"

"सगळी. पण हळदीची बाटली रिकामी ठेवतात का कुठे? नारायणगुड्याच्या दुकानातून आणून काठोकाठ भरली की!"

आजोबा चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे मुलगी एक दाखवली आणि पत्रिका दुसरीचीच दिली."

लॅबचा आकडा आमच्या हळदीचा, रेघ दुकानातल्या हळदीची. त्यावर शिकलेल्या सॉफ्टवेअरने जावेचा सगळा माल चुकीचा मोजला असता.

विक्रेता सावरत म्हणाला, "हमारा भी पकडता अम्मा, सेटिंग में जाके..."

"एकीच बटन बोले थे ना?" जाऊ म्हणाली आणि चकल्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली.

ती बाटली वगळून मी कुरूपालाच शिकवलं. हंगामाचा माल गेला, परत आला नाही.

ते सॉफ्टवेअर आजोबांच्या जुन्या लॅपटॉपवर अजून चालतं. ती बाटली आता देवघरात असते, आणि जाऊ ती अजून काठोकाठ भरून ठेवते.